विश्लेषण : मल्टिपल स्क्लेरोसिसच्या सुरुवातीलाच गोष्टी लक्षात का राहत नाहीत? मेंदूतील जोडण्यांचा काय संबंध?

चालणे व्यवस्थित, हातात ताकद, नजरही ठीक. तरीही बैठकीत दोघे एकदम बोलू लागले की धागा सुटतो. दुकानातून काय आणायचे ते जिना उतरेपर्यंत निसटते. नवीन सहकाऱ्याचे नाव तीनदा विचारावे लागते. मल्टिपल स्क्लेरोसिस म्हणजेच ‘एमएस’चे निदान नुकतेच झालेल्या अनेकांची ही तक्रार असते. बाहेरून काहीच दिसत नसल्याने ‘लक्ष नसते तुझे’ किंवा ‘टेन्शन घेऊ नकोस’ असे सांगून घरचे आणि कार्यालयातले लोक मोकळे होतात. मात्र या तक्रारीला शारीरिक कारण असते आणि ते मेंदूच्या वेगवेगळ्या भागांमधील जोडण्यांत सापडते.

एमएस म्हणजे नेमके काय?

शरीराचे रक्षण करणारी प्रतिकारशक्ती या आजारात स्वतःच्याच मेंदूवर आणि मज्जारज्जूवर हल्ला करते. हल्ल्याचे मुख्य लक्ष्य असते मायेलिन. विजेच्या तारेवर जसे रबराचे वेष्टन असते तसे मज्जातंतूवर मायेलिनचे चरबीयुक्त आवरण असते. त्यामुळे संदेश तंतूवरून टप्प्याटप्प्याने उड्या मारत जातो. जाड आवरणाच्या तंतूंमध्ये हा वेग सेकंदाला १०० मीटरपर्यंत पोहोचू शकतो. मुळातच आवरण नसलेल्या बारीक तंतूंमध्ये तो जेमतेम एक-दोन मीटर असतो. एमएसमध्ये आवरण सोलले गेले की संदेश रखडतो, अर्धवट पोहोचतो किंवा वाटेतच विरतो. पुढे काही ठिकाणी तंतूच तुटतो.

हल्ला झालेल्या जागी व्रण राहतात. ‘मल्टिपल’ म्हणजे अनेक आणि ‘स्क्लेरोसिस’ म्हणजे कठीण झालेला भाग, असे हे नाव पडले. एमआरआयमध्ये हे व्रण पांढऱ्या डागांसारखे दिसतात. २०२० सालच्या जागतिक पाहणीनुसार जगभरात सुमारे २८ लाख लोकांना हा आजार होता. निदानाचे सरासरी वय ३२ वर्षे आणि स्त्रियांचे प्रमाण पुरुषांच्या किमान दुप्पट. म्हणजे शिक्षण, नोकरी, लग्न, मुले या धावपळीच्या वयातच हा आजार गाठतो.

‘सुरुवातीचा टप्पा’ कोणता?

बहुतेकांमध्ये आजाराची सुरुवात एका झटक्याने होते. एका डोळ्याने अंधूक दिसू लागते, हात-पाय बधिर होतात किंवा तोल जातो. काही दिवस किंवा आठवड्यांनी त्रास बराचसा ओसरतो. अशा पहिल्या झटक्याला डॉक्टर ‘क्लिनिकली आयसोलेटेड सिंड्रोम’ म्हणतात. त्यानंतर पुन्हा झटके येत राहिले आणि मधल्या काळात आराम पडला तर तो ‘रिलॅप्सिंग-रेमिटिंग’ प्रकार असतो. सुमारे ८५ टक्के रुग्णांचा आजार याच प्रकाराने सुरू होतो. पहिला झटका आणि त्यापुढची काही वर्षे मिळून सुरुवातीचा टप्पा मानला जातो. या काळात बहुतेक रुग्ण स्वतःच्या पायांवर चालतात, गाडी चालवतात आणि नोकरी करतात. म्हणूनच स्मरणशक्तीकडे कोणाचे लक्ष जात नाही.

स्मरणशक्तीचा त्रास खरेच होतो का?

हा प्रश्न आजाराइतकाच जुना आहे. पॅरिसच्या साल्पेत्रिएर रुग्णालयातील डॉक्टर झाँ-मार्तँ शार्को यांनी १८६८ मध्ये या आजाराचे वेगळेपण स्पष्ट केले. रुग्णांची स्मरणशक्ती क्षीण होते आणि विचार मंदावतो, असे त्यांनी त्या काळातच आपल्या व्याख्यानांत सांगितले होते. पण पुढची शंभर वर्षे डॉक्टरांचे लक्ष प्रामुख्याने चालणे, बघणे आणि लघवीवरील नियंत्रण यांवरच राहिले.

चित्र बदलले ते १९९१ मध्ये. अमेरिकेतील मिलवॉकी येथील मानसशास्त्रज्ञ स्टीफन राव आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एमएसच्या १०० रुग्णांची १०० निरोगी व्यक्तींशी तुलना केली. हे रुग्ण रुग्णालयात दाखल झालेले नव्हते, समाजात वावरणारे होते. त्यांपैकी ४३ टक्के रुग्णांच्या बौद्धिक क्षमतेवर परिणाम झालेला आढळला. सर्वाधिक फटका बसला होता तो अलीकडच्या गोष्टींची आठवण, एकाग्रता आणि विचारांचा वेग यांना. भाषा आणि सामान्य बुद्धिमत्ता तुलनेने शाबूत होती. चारचौघांत बोलताना रुग्णाचा त्रास जाणवत नाही, याचे एक कारण हेच आहे.

विसरतात की मुळात नोंदच होत नाही?

आपण सगळ्यालाच ‘विसरणे’ म्हणतो. प्रत्यक्षात त्यात तीन पायऱ्या असतात. आधी माहिती मनात नोंदवली जाते, मग ती साठवली जाते आणि गरज पडेल तेव्हा बाहेर काढली जाते. एमएसमध्ये कोणती पायरी ढासळते?

न्यू जर्सीतील मानसशास्त्रज्ञ जॉन डिलुका आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९४ मध्ये यावर काम केले. रुग्णांना आणि निरोगी व्यक्तींना शब्दांची यादी पाठ होईपर्यंत ती पुन्हा पुन्हा ऐकवली गेली. रुग्णांना यादी पाठ व्हायला जास्त वेळा ऐकावी लागली. एकदा पाठ झाल्यावर मात्र ती आठवण्यात ते फारसे मागे नव्हते. म्हणजे बऱ्याच रुग्णांमध्ये माहिती आत शिरतानाच अडखळते. संदेश संथ झालेला असतो, त्यामुळे एका वाक्याची नोंद होईपर्यंत समोरचा पुढच्या वाक्यावर गेलेला असतो.

हा फरक रोजच्या जगण्यात महत्त्वाचा आहे. ‘कालच तर सांगितले होते’ असे म्हणणाऱ्याला वाटते की समोरची व्यक्ती विसरली. खरे तर ती गोष्ट तिच्या मनात पुरती उतरलेलीच नसते. तीच गोष्ट सावकाश, एकावेळी एक अशी सांगितली आणि लिहून दिली तर ती बऱ्याचदा टिकते.

मेंदूतील जोडणी कशी मोजतात?

आठवण मेंदूच्या एखाद्या कप्प्यात ठेवलेली वस्तू नसते. ऐकणारे, पाहणारे, लक्ष ठेवणारे आणि अर्थ लावणारे भाग एकमेकांशी बोलतात तेव्हा ती तयार होते. या भागांमधील प्रत्यक्ष तंतूंना ‘रचनात्मक जोडणी’ म्हणतात. दोन भाग एकाच लयीत काम करत असतील तर त्याला ‘कार्यात्मक जोडणी’ म्हणतात. पहिली म्हणजे गावांना जोडणारा रस्ता, दुसरी म्हणजे त्या रस्त्यावरची प्रत्यक्ष वाहतूक.

ही वाहतूक पाहण्याचे साधन म्हणजे फंक्शनल एमआरआय. रक्तातील प्राणवायूच्या प्रमाणानुसार एमआरआयचा संदेश बदलतो, हे सेईजी ओगावा यांनी १९९० मध्ये दाखवले. त्यावरून मेंदूचा कोणता भाग केव्हा अधिक काम करतो ते कळू लागले. १९९५ मध्ये भारतीय वंशाचे शास्त्रज्ञ भरत बिस्वाल यांनी आणखी एक महत्त्वाची गोष्ट दाखवली. माणूस यंत्रात काहीही न करता नुसता पडून असला तरी हालचालींशी संबंधित उजवे आणि डावे भाग एका लयीत चढ-उतार करत असतात. म्हणजे विश्रांतीतही जोडण्या मोजता येतात. २००१ मध्ये मार्कस रायकल यांच्या गटाने ‘डिफॉल्ट मोड नेटवर्क’ची कल्पना मांडली. माणूस स्वतःच्या विचारांत, आठवणींत रमतो तेव्हा जागे असणारे हे जाळे आहे.

शरीराच्या वजनाच्या अवघे दोन टक्के असणारा मेंदू विश्रांतीतही शरीराची सुमारे २० टक्के ऊर्जा वापरतो. त्यातील मोठा वाटा या अंतर्गत संवादावर खर्च होतो.

सुरुवातीला जोडण्या तुटतात की वाढतात?

रस्ते खराब झाले म्हणजे वाहतूक कमी होणार, असा कोणाचाही अंदाज असेल. प्रत्यक्षात सुरुवातीच्या एमएसमध्ये उलटे दिसले. ॲमस्टरडॅम येथील संशोधकांनी २०१० मध्ये पहिला झटका येऊन गेलेले रुग्ण, रिलॅप्सिंग-रेमिटिंग एमएसचे रुग्ण आणि निरोगी व्यक्ती अशा तीन गटांच्या मेंदूची विश्रांतीतील जाळी तपासली. पहिल्या झटक्याच्या गटात अनेक जाळ्यांमधील जोडणी निरोगी लोकांपेक्षा जास्त निघाली. आजार पुढे गेलेल्या गटात ही वाढ दिसली नाही.

याचा पहिला अर्थ असा लावला गेला, की मेंदू पर्यायी मार्ग काढतो आणि आजार वाढला की ती सोय संपत जाते. २०१२ मध्ये ॲमस्टरडॅममध्येच झालेल्या दुसऱ्या अभ्यासातून त्याला पुष्टी मिळाली. नवीन चित्रे लक्षात ठेवण्याचे काम दिल्यावर, ज्यांची बौद्धिक क्षमता टिकून होती अशा रुग्णांचा हिप्पोकॅम्पस निरोगी लोकांपेक्षा जास्त सक्रिय झाला. ज्यांची क्षमता घसरली होती त्यांच्यात तो कमी सक्रिय झाला.

पण २०११ मध्ये हॅम्बुर्गच्या संशोधकांनी आजाराच्या सुरुवातीच्या टप्प्यातील रुग्ण तपासले, तेव्हा वेगळेच चित्र समोर आले. ज्यांच्या काही प्रमुख जाळ्यांत जोडणी जास्त वाढलेली होती, त्यांचीच बौद्धिक कामगिरी अधिक घसरलेली होती. म्हणजे ‘जास्त जोडणी म्हणजे चांगली’ असे सरळ समीकरण मांडता येत नाही.

मुंबईच्या लोकलने प्रवास करणाऱ्यांना हे लगेच उमजेल. रविवारी मेगाब्लॉक असला की जलद गाड्या धीम्या मार्गावर वळवतात. गाड्या धावतात, माणसे पोहोचतात. पण धीम्या मार्गावर दुप्पट ताण येतो, स्थानकांवर गर्दी उसळते आणि एक गाडी रखडली की मागच्या सगळ्या रखडतात. धीम्या मार्गावरची वाढलेली वर्दळ ही सोय आहे आणि बिघाडाची खूणही आहे. मेंदूतही काही मोजकी केंद्रे जंक्शनसारखी असतात. वळवलेली सगळी वाहतूक त्यांच्यावर येऊन पडते.

ॲमस्टरडॅमच्याच मेनो स्खोनहाइम आणि सहकाऱ्यांनी २०१५ मध्ये या निरीक्षणांची सांगड घालणारी मांडणी केली. रचनात्मक नुकसान वाढत जाते तशी जाळ्याची कार्यक्षमता काही काळ तग धरते. एका मर्यादेनंतर मात्र ती कोसळते आणि मग बौद्धिक घसरण ठळक होते. या मांडणीला ‘नेटवर्क कोलॅप्स’ म्हणतात. सुरुवातीचा टप्पा महत्त्वाचा ठरतो तो यामुळेच. तग धरण्याची ताकद शिल्लक असतानाचा हा काळ असतो.

मेंदूच्या कोणत्या भागांना फटका बसतो?

पहिला भाग हिप्पोकॅम्पस. कानाच्या आतील बाजूस, मेंदूत खोलवर असलेला हा भाग नवीन आठवणी नोंदवण्यासाठी अत्यावश्यक आहे. एमएस रुग्णांच्या मृत्यूनंतर केलेल्या मेंदूच्या तपासणीत हिप्पोकॅम्पसमधील मायेलिनही मोठ्या प्रमाणात नष्ट झालेले आढळले आहे.

दुसरा भाग थॅलॅमस. मेंदूच्या मध्यभागी असलेले हे मोठे जंक्शन आहे. वास सोडून बाकीच्या संवेदनांचे संदेश येथूनच पुढे जातात. एमएसमध्ये आकाराने लवकर आक्रसणाऱ्या भागांत थॅलॅमसचा समावेश होतो. पहिल्या झटक्याच्या टप्प्यातही हे दिसते. थॅलॅमस जितका लहान, तितका विचारांचा वेग कमी, असा संबंध अनेक अभ्यासांत आढळला आहे.

शिवाय मेंदूच्या करड्या भागातील बरेच व्रण नेहमीच्या एमआरआयमध्ये दिसतच नाहीत. त्यामुळे ‘डाग तर मोजकेच आहेत, मग स्मरणशक्तीची तक्रार कशी?’ हा प्रश्न फसवा ठरतो. डागांची संख्या आणि रोजचा त्रास यांचा हिशेब नेहमी जुळत नाही.

लक्षणांच्या आधीच सुरुवात होते?

नॉर्वेतील एका अभ्यासाने याकडे लक्ष वेधले. तेथे तरुणांची सक्तीच्या लष्करी सेवेआधी बुद्धिमत्ता चाचणी होते. या जुन्या नोंदी आणि पुढे एमएस झालेल्या पुरुषांच्या नोंदी संशोधकांनी जुळवून पाहिल्या. चाचणीनंतर दोन वर्षांच्या आत ज्यांना एमएसचे पहिले लक्षण दिसले, त्यांचे गुण चाचणीच्या वेळीच इतरांपेक्षा कमी होते. हा फरक बुद्ध्यंकाच्या सुमारे सहा गुणांइतका होता. २०१६ मध्ये हे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. डोळा किंवा पाय तक्रार करण्याआधीच मेंदूतील संवादावर परिणाम सुरू झालेला असू शकतो, असा याचा अर्थ आहे.

तपासणी कशी होते?

फंक्शनल एमआरआयमधील जोडण्यांचे मोजमाप हे अजून संशोधनाचे साधन आहे. एका रुग्णाचे निदान त्यावरून केले जात नाही. प्रत्यक्षात उपयोगी पडते ती साधी कागदी चाचणी. तिचे नाव ‘सिंबल डिजिट मॉडॅलिटीज टेस्ट’. कागदावर नऊ चिन्हे आणि प्रत्येकाचा एक आकडा दिलेला असतो. खाली नुसती चिन्हे असतात. ९० सेकंदांत जास्तीत जास्त चिन्हांचे आकडे सांगायचे. यातून विचारांचा वेग कळतो.

२०१२ मध्ये तज्ज्ञांनी या चाचणीला शब्दांची यादी आणि आकृत्या लक्षात ठेवण्याच्या चाचण्यांची जोड देऊन ‘बिकॅम्स’ हा संच सुचवला. तो सुमारे १५ मिनिटांत होतो. २०१८ मध्ये अमेरिकेतील तज्ज्ञांच्या शिफारशींनुसार निदानानंतर लवकर एकदा आणि पुढे दरवर्षी बौद्धिक तपासणी व्हावी, असे सांगण्यात आले. पहिली चाचणी लवकर होणे गरजेचे आहे, कारण पुढची तुलना तिच्याशीच करायची असते. आकडे-चिन्हांच्या चाचणीत भाषेचा अडसर कमी येतो. शब्दांची चाचणी मात्र रुग्णाच्या भाषेत आणि त्याचे वय-शिक्षण लक्षात घेऊनच तपासावी लागते.

तपासणीत आणखी एक काळजी घेतली जाते. थकवा, नैराश्य, झोप न होणे, थायरॉइडचा त्रास, ब-१२ जीवनसत्त्वाची कमतरता आणि काही औषधे यांमुळेही लक्षात राहत नाही. एमएसच्या रुग्णांत थकवा आणि नैराश्य दोन्ही मोठ्या प्रमाणात आढळतात. या गोष्टींवर उपचार करता येतात, म्हणून त्या आधी शोधल्या जातात.

उपाय काय?

स्मरणशक्ती परत आणणारी गोळी नाही. अल्झायमरसाठी वापरले जाणारे डोनेपेझिल हे औषध एमएसच्या रुग्णांवर तपासले गेले. २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत त्याचा फायदा दिसला नाही.

आजाराची गती कमी करणारी औषधे मात्र आहेत. पहिले इंटरफेरॉन १९९३ मध्ये अमेरिकेत मंजूर झाले आणि त्यानंतर अनेक प्रभावी औषधे आली. ती नवीन झटके आणि नवीन व्रण कमी करतात. झालेले नुकसान भरून काढण्यापेक्षा पुढचे टाळण्यावर त्यांचा भर असतो, त्यामुळे ती लवकर सुरू करण्याकडे आता डॉक्टरांचा कल आहे.

सरावाचाही उपयोग होतो. न्यू जर्सीतील केसलर फाउंडेशनमध्ये रुग्णांना लक्षात ठेवायच्या गोष्टींचे मनात चित्र रंगवायला आणि त्यांची गोष्ट गुंफायला शिकवले गेले. २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार या प्रशिक्षणाने नवीन गोष्टी शिकण्याची क्षमता सुधारली. ज्यांचे शिक्षण, वाचन आणि छंद यांची शिदोरी मोठी असते, त्यांच्यात मेंदूचे तेवढेच नुकसान होऊनही स्मरणशक्ती तुलनेने टिकते, असेही दिसले आहे. नियमित व्यायाम करणे आणि धूम्रपान सोडणे हे सल्ले एमएसच्या सर्वच रुग्णांना दिले जातात.

रोजच्या व्यवहारात साध्या गोष्टी कामी येतात : एकावेळी एकच काम, सूचना तोंडी न देता लेखी, मोबाइलवर गजर, किल्ली-चष्मा-औषधे यांची ठरलेली जागा आणि अवघड कामे थकवा येण्याआधी, सकाळच्या वेळेत.

भारतात आणि महाराष्ट्रात काय स्थिती?

युरोप-अमेरिकेच्या तुलनेत भारतात एमएसचे प्रमाण कमी आहे. मात्र मुंबई आणि पुण्यातील पारशी समाजात ते लक्षणीय असल्याचे डॉ. नोशीर वाडिया आणि इतर न्यूरॉलॉजिस्टनी १९८० च्या दशकातील पाहण्यांतून दाखवून दिले. रुग्णांना मदत करणारी मल्टिपल स्क्लेरोसिस सोसायटी ऑफ इंडिया १९८५ मध्ये मुंबईत स्थापन झाली.

दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा, २०१६ मधील २१ प्रकारांच्या यादीत मल्टिपल स्क्लेरोसिसचा समावेश आहे. सरकारी आस्थापनांनी दिव्यांग कर्मचाऱ्यांना कामात योग्य त्या सवलती द्याव्यात, अशी तरतूद या कायद्यात आहे. अडचण अशी, की दिव्यांगत्व म्हटले की डोळ्यांसमोर काठी किंवा चाकाची खुर्ची येते. लेखी सूचना, शांत जागा किंवा मधली विश्रांती मागणाऱ्याला काही त्रास असेल, हे पटकन मान्य होत नाही. एमएसमध्ये नोकरी सुटण्यामागे चालण्याच्या अडचणींबरोबरच बौद्धिक अडचणींचाही मोठा वाटा असल्याचे रावांच्या गटाने १९९१ मध्येच दाखवले होते.

प्रत्येक विसरभोळेपणा म्हणजे एमएस का?

अजिबात नाही. चष्मा कुठे ठेवला ते न आठवणे हे कोणाच्याही बाबतीत घडते आणि त्यावरून एमएसची भीती बाळगण्याचे कारण नाही. एका डोळ्याने अचानक अंधूक दिसणे आणि डोळा हलवताना दुखणे, शरीराच्या एखाद्या भागात एक दिवसाहून अधिक टिकणारा बधिरपणा किंवा अशक्तपणा, विनाकारण तोल जाणे, अशी लक्षणे असतील तर न्यूरॉलॉजिस्टकडे जावे.

ज्यांचे एमएसचे निदान झालेले आहे, त्यांनी पुढच्या भेटीत हात-पायांच्या तक्रारींबरोबर लक्षात न राहण्याची तक्रारही डॉक्टरांना आवर्जून सांगावी. घरातील एखादी व्यक्ती सोबत न्यावी, कारण बदल अनेकदा आधी जवळच्यांना जाणवतो. बौद्धिक चाचणी झाली आहे का, नसल्यास कधी करता येईल, हेही तेव्हाच विचारावे.